ब्राउझर आपल्याविषयीं काय सांगतो?

मुळशी तालुक्यांतील माण हें गांव पूर्वीं निव्वळ शेतीचें. हिंजवडीचें राजीव गांधी इन्फोटेक पार्क वाढत वाढत तिसऱ्या टप्प्यांत माणच्या शिवारांत आलें, आणि आतां तेथील पुष्कळ बिऱ्हाडांत संगणकावर उपजीविका करणारा एखादा तरी मनुष्य असतोच. अशाच एका एकत्र कुटुंबांत घडलेला प्रसंग आमच्या कानांवर आला. घरांत सर्वांचा मिळून एक टॅब. सूनबाईंनीं एके दुपारीं त्यावर अपत्यप्राप्तीच्या उपचारांविषयीं कांहीं माहिती वाचली आणि संकोचानें, पाहिलेल्या पानांची यादी पुसून टाकली. दोन दिवसांनीं सासूबाई त्याच टॅबवर अळूवडीची कृति पाहत असतां कडेला तशाच उपचारांच्या जाहिराती झळकूं लागल्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण एवढी मोठी गोष्ट मुलानें व सुनेनें आपणांपासून लपविली, ही टोंचणी त्यांच्या मनास लागली. सुनेस वाटलें, आपलें गुपित कोणीतरी फोडलें. वस्तुतः घरांतील कोणीच तें फोडलें नव्हतें. फोडलें तें ब्राउझरनें.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पानें आणून आपणांस दाखविणारा सेवक. पान मागवितांना त्यास आपला आयपी पत्ता द्यावाच लागतो. पाठविणाराचा पत्ता नसेल तर उत्तर यावें कोठें? त्याबरोबरच ब्राउझरचें नांव, यंत्राची जात, आपली भाषा आणि पुष्कळदां आपण कोणत्या स्थळावरून आलों, हेंही तो सांगतो. पडद्याचें माप, घड्याळाचा प्रदेश, यंत्रांतील अक्षरवळणें ह्या गोष्टीही पानास त्याजकडून काढून घेतां येतात. एकेक बाब क्षुल्लक. पण सर्व एकत्र केल्या म्हणजे बोटाच्या ठशाप्रमाणें ओळख पटते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनें २०१० सालीं सुमारें ४ लक्ष ७० हजार ब्राउझरांचे ठसे तपासले, तेव्हां त्यांपैकीं शेंकडा ८३.६ ठसे इतर सर्वांहून निराळे आढळले.

दुसरें साधन 'कुकी' हें होय. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं तें योजिलें. ग्राहकानें टोपलींत काय ठेविलें हें दुकानास आठवावें, एवढाच हेतु. कुकी म्हणजे स्थळानें आपल्या यंत्रांत ठेविलेली चिठ्ठी. पुन्हा तेथें गेलों कीं ब्राउझर ती निमूटपणें दाखवितो. येथवर वावगें कांहीं नाहीं. परंतु पानावर जाहिरात मांडणारी तिसरीच कंपनीही आपली चिठ्ठी ठेवूं शकते, आणि ती कंपनी शेंकडों स्थळांवर हजर असते. उपचारांच्या पानावर दिलेली चिठ्ठी अळूवडीच्या पानावर ओळखली गेली ती अशी. सूनबाईंनीं पुसली ती यादी. चिठ्ठी तशीच राहिली. शिवाय चिठ्ठीस माणूस कळत नाहीं, ब्राउझर कळतो. आजोबा, सासू, सून, नातवंडें हीं सारीं तिच्या लेखीं एकच व्यक्ति!

'खाजगी खिडकी' उघडली म्हणजे सर्व झांकलें, हाही भ्रमच. ती खिडकी बंद होतांच यादी व चिठ्ठ्या आपल्या यंत्रांतून जातात. परंतु भेट दिलेलें स्थळ, इंटरनेट पुरविणारी कंपनी किंवा कचेरींतील जाळें यांच्या दृष्टीस आपण पडतोंच. याच प्रश्नावर अमेरिकेंत २०२० सालीं गूगलवर दावा झाला. २०२४ सालच्या तडजोडींत कंपनीनें कोट्यवधि नोंदी नष्ट करण्याचें मान्य केलें.

आपल्या देशांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानें, संमति देणें जितकें सोपें तितकेंच ती परत घेणेंही सोपें असावें, असें तत्त्व घातलें. परंतु कायदा दाराशीं असला तरी कडी आपणच लावावयाची. ब्राउझरच्या सेटिंगांत परक्या कुकींना मज्जाव करावा. सफारींत व फायरफॉक्समध्यें तसा बंदोबस्त बराचसा मुळांतच असतो. क्रोममध्यें तो आपण करावा लागतो. ठिकाण, कॅमेरा व ध्वनि यांची परवानगी कोणास दिली आहे तें पाहावें. खात्याशीं जुळवणी चालू असेल तर पाहिलेल्या पानांची यादी कंपनीच्या भांडारांत आणि घरांतील इतर यंत्रांवरही जाऊं शकते, हें ध्यानांत ठेवावें. आणि मुख्य म्हणजे घरांतील प्रत्येकाचें खातें वेगळें असावें.

माणच्या त्या घरीं चार दिवसांच्या अबोल्यानंतर मुलानेंच आईस हा सर्व उलगडा करून सांगितला. स्वतः संगणकाच्या धंद्यांत असून घरच्या टॅबकडे आपण कधीं पाहिलें नाहीं, याची त्यास खंत वाटली. आईनें सर्व ऐकून घेतलें आणि ती म्हणाली, "अरे, या घरांत कोणाचें पत्र कोणी फोडलेलें मला आठवत नाहीं. तिचें खातें आजच वेगळें करून दे. सांगावयाचें तें ती आपण होऊन सांगेल."

खातें त्याच संध्याकाळीं वेगळें झालें. पुढें आठवड्याभरानें सूनबाई आपण होऊन सासूबाईंजवळ येऊन बसल्या.