पनवेलच्या हवेतले चामडी जॅकेट

चामडी जॅकेटची निगा कशी राखावी यासंबंधी जो सल्ला सर्वत्र ऐकू येतो, त्याचा बराचसा भाग थंड प्रदेशांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेला आहे. तेथे हिवाळाभर घरे कृत्रिमरीत्या उबदार ठेवली जातात, त्यामुळे आतील हवा शुष्क होते, चामड्यातील ओलावा आणि स्निग्धांश कमी होत जातो, आणि म्हणून वर्षातून अनेकदा त्याला मलम किंवा तेल चोळण्याची शिफारस केली जाते. पनवेलची परिस्थिती जवळजवळ उलट आहे. सह्याद्रीचा पायथा आणि खाडी यांच्यामधल्या या पट्ट्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता सर्रास ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. जॅकेट अंगावर चढते ते डिसेंबर-जानेवारीतील काही आठवडे, किंवा द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्यामुळे जुन्या महामार्गाने खोपोलीमार्गे पहाटे बोरघाट चढणाऱ्या दुचाकीस्वारांच्या अंगावर. उरलेले आठ-दहा महिने ते कपाटात टांगलेले, किंबहुना बहुतेक वेळा पिशवीत घडी घालून माळ्यावर टाकलेले असते. त्यामुळे येथील जॅकेटवरच्या चुण्या वापरापेक्षा साठवणीतून अधिक पडतात, आणि उपचार ठरवण्यापूर्वी हा भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते.

चुणी का पडते हे समजण्यासाठी कातड्याची रचना थोडक्यात पाहावी लागेल. कातडे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. केसांच्या बाजूला हे तंतू अतिशय बारीक आणि दाट विणीचे असतात, आणि त्या थराच्या पृष्ठभागावर दिसणारी केसांच्या छिद्रांची व बारीक रेषांची नक्षी म्हणजेच चामड्याचा पोत होय, तर त्याखालच्या जाड थरात तंतूंचे जुडगे एकमेकांत तिरपे गुंतलेले असतात आणि चामड्याला बळकटी मिळते ती या थरामुळे. हे तंतू एकमेकांवरून सहज सरकू शकले तर चामडे लवचीक राहते आणि वाकवल्यानंतर पूर्ववत होते. ते सरकेनासे झाले की वाकलेल्या जागी रेघ कायम होते.

मात्र जॅकेटवरची प्रत्येक रेघ अशी नंतर पडलेली नसते. मानेच्या भागातील आडव्या वळ्या, शिरांचे ठसे, काट्याकुट्यांचे ओरखडे आणि गोचिडांच्या चाव्यांचे बारीक खड्डे हे सारे जनावराच्या आयुष्यातच कातड्यावर उमटलेले असते. पाठीचे कातडे घट्ट विणीचे असते, पोटाकडचे आणि बगलेतील सैल असते. एकाच जॅकेटच्या दोन बाह्यांत जर वेगवेगळ्या भागांतले तुकडे लागले असतील, तर एक बाही गुळगुळीत आणि दुसरी सुरकुतलेली दिसणे अगदी स्वाभाविक आहे. जनावरांच्या जातींतही फरक असतो: म्हशीचे चामडे जाड आणि रवाळ, शेळीचे बारीक खडीसारख्या दाण्याचे व चिवट, तर मेंढीचे मऊ आणि तलम असले तरी त्याच्या दोन थरांच्या सांध्याशी मूळची चरबी भरपूर असल्यामुळे, ती चरबी निघून गेल्यावर वरचा थर खालच्या थरापासून किंचित सुटा राहतो. अशा ठिकाणी पृष्ठभाग आतल्या बाजूला वळवून दुमडला की नळीसारख्या जाड सुरकुत्या उठतात. त्यांवर बाजारातील कोणतेही मलम चालत नाही, कारण दोष कोरडेपणात नसून थरांच्या जोडणीत असतो. विषम पोत हा दोष मानून तो पुसून टाकण्याचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला खरे तर वरचा थर घासून त्यावर छापील नक्षी उठवलेले चामडेच हवे असते, आणि ते बाजारात सहज मिळते.

कच्चे कातडे वाळले की फळीसारखे ताठ होते आणि ओले राहिले तर कुजते. या दोन्हींपासून ते सोडवण्याच्या प्रक्रियेला कातडे कमावणे म्हणतात. महाराष्ट्रातील पारंपरिक पद्धत बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कातडे भिजत ठेवण्याची असून तिला कित्येक दिवस लागतात; जुन्नर-भीमाशंकरच्या डोंगरांत गोळा होणारा हिरडा एकीकडे आयुर्वेदिक औषधांत जातो, ज्यांचे उत्पादन पनवेलमध्ये धूतपापेश्वर ही संस्था १८७२ पासून करीत आली आहे, आणि त्याच फळातील तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन कोल्हापुरी चपलेचे चामडेही पक्के करते. जॅकेटचे चामडे मात्र बहुधा निराळ्या वाटेने तयार झालेले असते. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावता येते हे फ्रीडरिश क्नाप या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये दाखवले, अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ही पद्धत मद्रासमध्ये आणली, तेव्हा त्यांच्यासमोर फॅशनचा प्रश्न नसून विहिरीवरच्या मोटेचे चामडे सतत पाण्यात राहून लवकर कुजते हा शेतकऱ्याचा प्रश्न होता. क्रोम चामडे पातळ, मऊ आणि पाण्याला अधिक दाद न देणारे असते, म्हणून ते वस्त्रासाठी सोयीचे ठरले.

कमावल्यानंतर कारखान्यात पाण्यात मिसळलेले तेल चामड्यात मुरवले जाते, आणि तंतूंवर बसलेला हा पातळ तेलकट लेप म्हणजे त्यांचे वंगण असते. वर्षानुवर्षांत त्यातील काही भाग हवेशी संयोग पावून निकामी होतो, काही पुसला जातो. कंडिशनर या नावाने मिळणारे मलम तेच वंगण थोड्या प्रमाणात परत देते; त्यात साधारणतः तेल, मेंढीच्या लोकरीपासून काढलेली लॅनोलिन ही स्निग्ध द्रव्ये, मधमाश्यांचे मेण आणि पाणी असते. म्हणजे मलम चुणी इस्त्रीप्रमाणे सपाट करीत नाही, तंतूंना सरकण्याची मुभा देते, आणि त्यानंतर चुणी उतरते ती जॅकेटचे स्वतःचे वजन आणि वेळ यांच्यामुळे. डबीवरील जाहिरातीत हा दुसरा भाग सहसा छापलेला नसतो.

म्हणून पहिला उपचार फुकटचा आहे. घडीत राहिलेले जॅकेट रुंद खांद्याच्या हँगरवर, खिसे रिकामे करून आणि चेन लावून, वारा खेळत्या सावलीत चार-सहा दिवस टांगून ठेवले, तर पनवेलच्या हवेतील दमटपणाच तंतू सैल करण्यास पुरेसा होतो आणि घडीच्या बऱ्याच चुण्या निम्म्याहून अधिक उतरतात. तारेच्या हँगरने मात्र खांद्यावर दोन नवे कोंब उठतात. त्यानंतर आतल्या काठावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा: तो मिनिटभरात मुरून तेथे गडद डाग दिसला तर चामडे उघडे आहे आणि मलम आत शिरेल, थेंब मोत्यासारखा तसाच राहिला तर वर रंगाचा व प्लास्टिकसदृश द्रव्याचा थर आहे, आणि अशा जॅकेटला ओलसर कापडाने पुसणे व क्वचित अगदी हलका हात फिरवणे एवढेच पुरते. स्वेड म्हणजे आतल्या बाजूचे लवदार चामडे असेल तर मलमाचे नावही काढू नये.

उघड्या चामड्यावर मलम लावण्यापूर्वी धूळ झाडून, पिळून घेतलेल्या सुती फडक्याने पृष्ठभाग पुसून तो पूर्ण वाळू द्यावा, कारण धुळीसकट चोळलेले मलम छिद्रांत काळी रेघ भरते. साबण टाळावा, क्रोम चामडे स्वभावतः आम्लधर्मी असते आणि घरगुती साबण अल्कधर्मी, त्यामुळे रंग व वंगण दोन्ही सुटू लागतात. वाटाण्याएवढे मलम बोटांवर घेऊन ते उबेने पातळ होऊ द्यावे, प्रथम कॉलरखालच्या न दिसणाऱ्या जागी लावून दुसऱ्या दिवशी रंग बदलला नाही ना हे पाहावे, मग एकेक भाग घेऊन गोलाकार चोळावे. कोपराच्या आतील बाजूस चामडे एका हाताने हलके ताणून धरले तर चुणीच्या तळाशी असलेली, बाहेरून न दिसणारी कोरडी रेघही भिजते. तेथे मलम साचू मात्र देऊ नये. रात्रभर टांगून सकाळी कोरड्या फडक्याने उरलेला चिकटपणा काढला की काम संपले. पनवेलसारख्या ठिकाणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हाने घरातील हवा कोरडी झाल्यावर, वर्षातून एकदा एवढे करणे पुरेसे असते.

इस्त्रीचा मोह अनेकांना होतो. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे ओले असताना साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे आकसू लागते, क्रोम चामडे त्याहून बरेच सोसते, परंतु त्याच्या वरचा रंगाचा थर सोसतोच असे नाही. आणि घरगुती इस्त्री सर्वांत कमी आचेवरही शंभर अंशांच्या आसपास जाते. चामडे पूर्ण कोरडे, मध्ये जाड सुती कापड, वाफ बंद आणि हात सतत फिरता, इतक्या अटी पाळून क्षणभराची इस्त्री करता येते. तरी एकदा आकसलेले चामडे परत ताणले जात नाही, हे पाहता हा सौदा फारसा फायद्याचा नाही.

कोकणातील घरात तेल म्हटले की हात खोबरेलाकडे जातो, आणि कोल्हापुरी पायताणाला तेल पाजण्याची जुनी रीत त्या सवयीला आधारही देते. परंतु पायताणाचे जाड, न रंगवलेले, हिरड्या-बाभळीचे चामडे जे तेल पिऊन मुरवते, तेच जॅकेटच्या पातळ चामड्यात शर्टापर्यंत पाझरते. शिवाय खोबरेल सुमारे चोवीस अंशांखाली गोठते. डिसेंबरमधील एखाद्या गार पहाटे जॅकेटवर पांढुरकी भुकटी दिसते, घरातील मंडळी तिला बुरशी समजतात, आणि ती पुष्कळदा पृष्ठभागावर येऊन घट्ट झालेली चरबीच असते. ओळखण्याची रीत सोपी आहे: केस वाळवण्याच्या यंत्राची मंद, कोमट हवा दुरून सोडली तर चरबी वितळून दिसेनाशी होते, बुरशी तशीच राहते आणि कुबट वासही येतो. जवसाचे तेल तर कधीच लावू नये, कारण ते हवेत सुकून कडक पापुद्रा धरते. एरंडेल सुकत नाही, पण दाट आणि चिकट असल्याने धूळ ओढते.

बुरशी खरोखर असेल, तर जॅकेट घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावे, म्हणजे बीजाणू कपाटात पसरत नाहीत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समभाग घेऊन, कोपऱ्यावर रंग सुटत नाही ना हे पाहून, ओलसर बोळ्याने पुसावे व सावलीत वाळवावे. बुरशीला हवे असते ते सत्तर टक्क्यांच्या आसपासची किंवा त्याहून अधिक आर्द्रता, ऊब आणि खाद्य. पहिल्या दोन गोष्टी पनवेल स्वतःच पुरवते, तिसरी हौसेने चोळलेले जादा तेल पुरवते. ड्रायक्लीनिंगवाल्याने दिलेली प्लास्टिकची पिशवी तशीच ठेवून जॅकेट आत टांगणे म्हणजे ओलावा कोंडणे होय; जुन्या सुती साडीचे किंवा चादरीचे आवरण त्याहून कितीतरी चांगले. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले असेल तर चार बोटे पुढे ओढावे आणि पावसाळ्यात उघडीप मिळताच दार उघडे ठेवावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जॅकेटवर खपल्या सुटत असतील आणि खाली कापडाची वीण दिसत असेल, तर ते चामडे नसून पॉलियुरेथेनचा लेप दिलेले कापड आहे. दमट हवेत या लेपाचे रेणू पाण्याने तुटत जातात, म्हणून न वापरताही ते कपाटात गळू लागते. त्यावर कंडिशनर चोळणे व्यर्थ आहे.

जेथे खऱ्या चामड्यालाही मलम पुरत नाही, म्हणजे थर सुटलेला तुकडा, उसवलेली शिवण किंवा चिरलेला कोपर, तेथे कारागीर लागतो. पनवेलकरांना हार्बरने कुर्ल्यापर्यंत आणि तेथून शीवपर्यंत गाडी मिळते, आणि शीव-वांद्रे जोडरस्त्यालगत धारावीचा चर्मबाजार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ मुस्लिम कारागिरांनी तेथे कातडी कमावण्याचा धंदा वाढवला, पुढे कमावण्याचे काम बरेचसे बाहेर गेले आणि तयार चामड्याची कापणी-शिलाई उरली. अशा ठिकाणी बाहीचा एखादा भाग काढून नवा तुकडा बसवून मिळतो. मात्र जॅकेटला मलम लावायचे असेल तर ते या दुरुस्तीनंतर लावावे, कारण तेलकट कडेवर चिकटवण्याचा गोंद नीट धरत नाही.