सत्ता खर्जाची

घरात पेटी असेल तर एक प्रयोग करून पाहा. भाता मारायला कुणाला तरी बसवा, पांढरी एक हा सा धरा आणि सा, ग, प हे तीन सूर एकदम दाबा. भरदार, प्रसन्न नाद उमटेल. आता हे तिन्ही सूर तसेच धरून ठेवा आणि खालच्या सप्तकातला शुद्ध धैवत दाबा. वरचं एकही बोट हललेलं नाही, तरी सगळ्या नादावर उदास छटा पसरते. धैवत सोडून त्याच सप्तकातला शुद्ध मध्यम दाबा. उदासी ओसरते आणि काहीतरी मोकळं, तरंगतं, अजून पुढे जायचं आहे असं वाटू लागतं. वरच्या तिघांनी काहीच केलं नाही. त्यांचा अर्थ खालच्या एका सुराने दोनदा बदलला.

जॅझच्या ताफ्यात ही सत्ता डबल बास वाजवणाऱ्याच्या हातात असते. श्रोत्यांचे डोळे ट्रम्पेटवाल्यावर किंवा पियानोवाल्यावर खिळलेले असतात, आणि मागे पुरुषभर उंचीचं वाद्य कवेत घेऊन उभा असलेला माणूस दर मात्रेला ठरवत असतो की समोर जे चाललंय त्याचा अर्थ काय. हे काम साठ वर्षांहून अधिक काळ, बहुधा इतर कुणाहीपेक्षा जास्त वेळा, रॉन कार्टर यांनी केलं. जॅझमध्ये सर्वाधिक ध्वनिमुद्रणांवर वाजवलेला बासवादक म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद आहे. सप्टेंबर २०१५पर्यंतचा तो आकडा २,२२१ आहे.

गंमत म्हणजे त्यांना जॅझ वाजवायचंच नव्हतं. ४ मे १९३७ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, फर्नडेल इथे त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी हातात चेलो आला. स्वप्न होतं सिम्फनी ऑर्केस्ट्राचं. डेट्रॉइटच्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये असताना त्यांच्या लक्षात आलं की बाहेरच्या कार्यक्रमांची बोलावणी गोऱ्या चेलोवादकांनाच जातात. शाळेतला एकमेव बासवादक त्या वर्षी शाळा सोडून चालला होता. आपण बास शिकलो तर बोलावल्यावाचून गत्यंतर राहणार नाही, हा हिशेब करून त्यांनी वाद्य बदललं.

हा बदल किती मोठा आहे ते वाद्याजवळ गेल्याशिवाय कळत नाही. चेलोची कंप पावणारी तार साधारण सत्तर सेंटिमीटर, बासची एक मीटरहून लांब. तार लांबली की दोन सुरांमधलं अंतरही लांबतं. बासवर पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत हात ताणला, तरी त्यात जेमतेम सा ते रे एवढंच मावतं. चेलोच्या शेजारशेजारच्या तारा सा-प नात्याने लावतात, बासच्या सा-म नात्याने. म्हणजे हाताला बसलेल्या सगळ्या जागा पुसून नव्याने बसवायच्या. त्यात पडदे नाहीत. सूर कुठे आहे हे फक्त कानाने आणि बोटाने ओळखायचं. शास्त्रीय तालीम म्हणतात ती हीच. तासन् तास गजाने एकेक लांब सूर ओढायचा, तो तसूभरही हलू द्यायचा नाही आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी हात नेताना सूर चुकू द्यायचा नाही.

बासचा नादही अजब आहे. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हवेत या नादाच्या लहरीची लांबी आठ मीटरहून जास्त भरते. वाद्य स्वतः सहा फुटांच्या आसपास. एवढ्या पेटाऱ्याला एवढी लांब लहर जोरकसपणे हवेत ढकलता येत नाही, त्यामुळे तो मूळ सूर आपल्यापर्यंत क्षीणच पोचतो. पोचतात ते त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वयंभू सूर, आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ सूर ताडतो. तंबोऱ्याच्या खर्जातून ज्या घराण्याचा स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच घराण्यातले हे सूर. बासचा खोल सूर आपण अर्धा ऐकतो आणि अर्धा डोक्यात रचतो. म्हणूनच बासवादकाचा सूर किंचित जरी उतरला, तरी ही सारी उतरंड डळमळते.

कार्टर यांनी १९५९मध्ये रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकमधून पदवी घेतली. तिथे पाहुणे म्हणून आलेले विख्यात वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्यांना जे म्हणाले, ते कार्टर यांनी मुलाखतींमध्ये वारंवार सांगितलं आहे: तुम्हाला माझ्या ह्यूस्टनच्या ऑर्केस्ट्रात घ्यायला मला आवडेल, पण कृष्णवर्णीय वादक घ्यायची तिथल्या मंडळींची तयारी नाही. वादकाची पात्रता मान्य, रंग अमान्य. कार्टर न्यूयॉर्कला गेले. १९६१मध्ये मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधून त्यांनी पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं. तोवर ते ड्रमर चिको हॅमिल्टनच्या जॅझ ताफ्यात वाजवू लागले होते आणि सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीच्या ‘आउट देअर’ या १९६०च्या ध्वनिमुद्रिकेत जुना चेलो पुन्हा बाहेर निघाला होता.

१९६३मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी त्यांना आपल्या ताफ्यात बोलावलं. पियानोवर हर्बी हॅनकॉक, ड्रम्सवर सतरा वर्षांचा टोनी विल्यम्स, आणि पुढच्या वर्षी सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर. जॅझचा बास बहुतेक वेळा ‘वॉकिंग’ वाजवतात, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनात दर मात्रेला एक सूर, न थांबता. १२ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमधल्या मैफलीत या ताफ्याने लय अशी चढवली की काही रचना मिनिटाला तीनशे मात्रांच्या घरात गेल्या. म्हणजे सेकंदाला पाच सूर, आणि प्रत्येक सुराचा निर्णय जागच्या जागी. पियानोवाला कुठे निघालाय, ड्रमर लय कशी मोडतोय, पुढचा सूर कुणाला आधार देईल आणि कुणाला धक्का, हे सगळं ठरवायला सेकंदाचा पाचवा भाग मिळतो.

या ताफ्याचं खरं नवल ‘नेफर्टिटी’ या १९६७मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या रचनेत दिसतं. त्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकच सुरावट पुन:पुन्हा वाजवत राहतात. एकट्याने तान घ्यायला कुणी पुढे येत नाही. बदलतं ते खालचं सगळं. ड्रम्स उसळतात, पियानो वेगळे रंग टाकतो, बास कधी सुरांच्या मध्ये जागा मोकळी सोडतो तर कधी भलत्याच सुरावर उतरतो. आपल्याकडे तबलजी विस्तार करतो तेव्हा पेटीवाला लेहरा धरतो, तसाच मामला. एरवी साथ करणारे इथे मुख्य गायक झाले आहेत.

माइल्स विजेवरच्या वाद्यांकडे झुकत असताना, १९६८मध्ये, कार्टर ताफ्यातून बाहेर पडले आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये रमले. इथे शास्त्रीय तालीम रोकड चलनासारखी उपयोगी पडली. समोर कधी न पाहिलेला कागद ठेवला जातो, तांबडा दिवा लागतो आणि पहिल्याच फेरीत बिनचूक वाजवायचं असतं. ताफ्यात असतानाच झालेल्या, आंतोनिओ कार्लोस जोबिमच्या ‘वेव्ह’ या बोसा नोव्हा ध्वनिमुद्रिकेतही बास त्यांचाच आहे. १९६९मध्ये गायिका रॉबर्टा फ्लॅकची पहिली ध्वनिमुद्रिका आली. तिच्या पहिल्याच गाण्यात आवाजाच्या आधी कार्टर यांचा बास ऐकू येतो आणि गाणं कुठल्या ढंगाने चालणार ते तिथेच ठरतं. गिल स्कॉट-हेरनच्या कविता-गाण्यांखाली ते आहेत. १९८५मध्ये क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चमूची, जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या रचनांची ध्वनिमुद्रिका आली, तिथेही ते आहेत. १९९१मध्ये ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिपहॉप गटाच्या ‘द लो एंड थिअरी’मध्ये ते वाजवायला गेले, ते शिव्या नसतील तरच येईन अशी अट घालून. मधल्या काळात बाखच्या रचनाही त्यांनी बासवर आणल्या.

सत्तरच्या दशकात त्यांना वाटलं की बासने पुढे येऊन गावंही. पण मागे खर्ज कोण धरणार? त्यांनी स्वतः पिकोलो बास घेतला. हा आकाराने लहान आणि नेहमीच्या बासपेक्षा एका मध्यमाच्या अंतराने वर लावलेला. त्याच मंचावर मोठा बास वाजवायला त्यांनी बस्टर विल्यम्सना बोलावलं. खालची जागा रिकामी सोडून पुढे यायचं नाही, हे त्यांच्या स्वभावात होतं.

इतक्या वेगवेगळ्या संगीतात हा माणूस परका का वाटला नाही, याचं उत्तर मला त्या पेटीवरच्या धैवतात दिसतं. बोसा नोव्हा असो की हिपहॉप, वर जे काही वाजतंय त्याच्या खाली आत्ता कोणता सूर हवा, हा प्रश्न सगळीकडे एकच आहे. कार्टर यांनी शैली फार बदलली नाही. तो प्रश्न विचारायचं मात्र कधी थांबवलं नाही.

त्यांना मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तेवढ्याशा चकतीतून बासचा जीवच गळून जातो. बरे हेडफोन लावा आणि गिटारवादक जिम हॉलबरोबरची १९७२ची ‘अलोन टुगेदर’ लावा. दोघंच आहेत, ड्रम्स नाहीत, लपायला जागा नाही. पहिल्यांदा गिटार ऐका. दुसऱ्यांदा गिटार विसरून फक्त बासच्या मागे जा. मग आवडत्या कुठल्याही गाण्यातला खालचा सूर शोधायची सवय लागेल, आणि ही सवय लागलीच पाहिजे.