वाटणीत निघालेलं खिशातलं घड्याळ किती जुनं? झाकणाआडच्या खुणा अशा वाचा

वरवट बकाल (ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा) : आमच्या घरात साखळीचं एक बंद घड्याळ आहे. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली, तेव्हा एका साहेबाने ते आजोबांच्या आजोबांना बक्षीस दिलं, असं आजी सांगायची. यंदा वाटणीत ते निघालं आणि खामगावच्या चांदी बाजारात वजनावर मोडायचं ठरलं. त्याआधी घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घेतलं.

आत काय दिसलं?
झाकणाच्या आत मागच्या पायांवर उभं राहिलेलं इवलंसं अस्वल. ही ०.८७५ शुद्धतेच्या चांदीची स्विस सरकारी छाप. तिचा कायदाच १८८० चा. तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’. हे नाव १८८६ पासूनचं. म्हणजे १८७० ची गोष्ट इथेच अडते. मात्र, ही फक्त खालची मर्यादा झाली, नेमकं साल नव्हे.

तुमच्याकडे असेल तर काय पाहाल?
- छाप : रानकोंबडा असेल तर ०.८०० शुद्धतेची स्विस चांदी. नांगर बर्मिंगहॅमचा, बिबळ्याचं तोंड लंडनचं. ब्रिटिश छापेत शेजारचं अक्षर साल सांगतं.
- क्रमांक : झाकणावरचा नव्हे, यंत्रावरचा घ्या. डबी आणि यंत्र अनेकदा वेगवेगळ्या कारखान्यांत बनायचं. अमेरिकेच्या वॉल्थम कंपनीच्या यंत्राचं साल या क्रमांकावरून ऑनलाइन शोधता येतं.
- ओरखडे : झाकणाआडचे बारीक आकडे बहुधा जुन्या कारागिरांच्या दुरुस्तीच्या खुणा असतात. पॉलिश करून पुसू नका. चाकूने झाकणही उचकटू नका.

याने फरक काय पडतो?
२००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचं झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी मिळून १८ लाख डॉलरला गेलं. किंमत यंत्राची नव्हती, ते कुणाचं होतं याची होती. म्हणून जुनी पावती, पत्र, साखळी घातलेला फोटो घड्याळासोबतच ठेवा.

कायदा काय म्हणतो?
ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ती खासगी व्यक्तीला परदेशात विकायला पाठवता येत नाही.

आमचं घड्याळ मोडणं तूर्त थांबलंय. डबीत एक चिठ्ठी ठेवली आहे. एका बाजूला छापांची नोंद, दुसऱ्या बाजूला साहेबाची गोष्ट. तिच्यापुढे लिहिलंय, ‘आजी सांगायची’.