जोना लोमू : बळ आणि व्याधि

क्रिकेटचें कौतुक आपल्या घरोघरीं आहे. परंतु इंग्रजांच्याच रग्बी युनियन या खेळाची ओळख थोड्यांसच असेल. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा गडी. लंबगोल चेंडू घेऊन धावावयाचें, हातानें द्यावयाचा तो मागेंच, आणि धावणाऱ्यास प्रतिपक्षानें धरून लोळवावयाचें. हुतूतूंतील धरपकड पाहिलेल्यांस याची कल्पना सहज येईल. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला म्हणजे 'ट्राय' झाला.

या खेळांतील जोना लोमू याचें चरित्र आम्हांस वाचकांपुढें ठेवावेंसें वाटतें, तें केवळ त्याच्या पराक्रमास्तव नव्हे. त्याचे आईबाप टोंगा बेटांतले. तो स्वतः १९७५ सालीं न्यूझीलंडांतील ऑक्लंड येथें जन्मला. उंची सहा फूट पांच इंच, वजन सुमारें १२० किलो, आणि पाय मात्र हरिणाचे! १९९४ सालीं तो पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हां त्याचें वय १९ वर्षें ४५ दिवस होतें. इतक्या लहान वयाचा कसोटीवीर त्या राष्ट्रीय संघांत तत्पूर्वीं झाला नव्हता. पुढच्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंत विश्वचषकस्पर्धा झाली. १८ जून रोजीं केपटाऊन येथें इंग्लंडविरुद्ध उपान्त्य सामन्यांत त्यानें एकट्यानें चार ट्राय केले. पहिल्याच वेळीं माइक कॅट हा शेवटचा रक्षक आडवा आला. त्याच्या अंगावरून हा सरळ चालता झाला! अंतिम सामना न्यूझीलंडनें १२ विरुद्ध १५ गुणांनीं गमावला, परंतु लोकांच्या तोंडीं राहिलें तें लोमूचें नांव.

त्याच वर्षीच्या ऑगस्टांत या खेळाच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें खेळाडूंस उघडपणें वेतन देण्याची मुभा दिली. तोंवर पैसे घेऊन खेळणें हा दोष गणला जाई. १८९५ सालीं उत्तर इंग्लंडांतील क्लबांनीं, आपल्या मजूर खेळाडूंस बुडालेल्या रोजाची भरपाई मिळावी म्हणून, वेगळी चूल मांडली होती. मूळ संस्थेस तें पटावयास शंभर वर्षें लागलीं! आम्हीं जन्मभर विद्या शिकवून वेतन घेतलें. तेव्हां खेळाचें वेतन घेणाऱ्यास नांवें ठेवणें आम्हांस तरी शोभणार नाहीं.

पण ज्याचें बळ हेंच भांडवल, त्याचें तें भांडवल आंतून झिजत होतें. १९९५ च्या अखेरीस लोमूस मूत्रपिंडाचा विकार असल्याचें निष्पन्न झालें. या विकारांत शरीरांतील प्रथिनें मूत्रावाटे वाहून जातात, अंगास सूज येते, थकवा येतो. अशा देहानें त्यानें १९९९ च्या विश्वचषकांत आठ ट्राय केले! एकंदर ६३ कसोटी सामने व ३७ ट्राय त्याच्या नांवावर आहेत. २००२ नंतर मात्र तो राष्ट्रीय संघांत दिसला नाहीं. २००३ मध्यें यंत्रानें रक्त शुद्ध करून घेण्याची पाळी आली. पायांतील नसा इतक्या बिघडल्या कीं धावणें दूरच, नीट चालणेंही कठीण झालें. २००४ सालीं एका मित्रानें आपलें एक मूत्रपिंड त्यास दिलें. सख्ख्या भावांत विहिरीच्या पाळीवरून कज्जे होतात, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं या दानाचें मोल करावें. त्या उसन्या अवयवाच्या बळावर तो वेल्समधील कार्डिफच्या संघांत पुनः मैदानावर उतरला.

२०११ सालीं तें मूत्रपिंडही निकामी झालें. १८ नोव्हेंबर २०१५ रोजीं, चाळिसाव्या वर्षीं, ऑक्लंड येथें त्याचा अंत झाला. मागें पत्नी व दोन लहान मुलगे होते. त्या मुलांसाठीं न्यूझीलंडच्या रग्बी खेळाडूंच्या संघटनेनें एक न्यास स्थापन केला.