खुराड्यातील गोचीड

खुराडे रोज झाडूनही कोंबड्या रोडावतात, तुरे फिके पडतात, अंडी घटतात आणि घरधनीण दृष्ट काढावयास बसते. दिवसा पक्ष्यांच्या अंगावर काही आढळत नसल्यामुळे खरा चोर सुटतो. हा चोर बहुधा गोचीड असतो. तो दिवसभर भिंतीच्या भेगांत, फळ्यांच्या सांध्यांत व दांडीखाली दडतो आणि रात्री रक्त शोषतो. म्हणून तपासणी विजेरी घेऊन रात्रीच करावी.

गोचिडांमुळे स्पायरोकीटोसिस हा घातक ज्वर पसरतो. हिरवट हगवण लागून पक्षी दगावतात. खुराडे काही महिने रिकामे ठेवल्याने कीड उपाशी मरेल, ही आशा व्यर्थ होय. पूर्ण वाढलेला गोचीड अन्नावाचून २ वर्षांहूनही अधिक काळ जगू शकतो.

पक्षी बाहेर काढून शीट व जुना भुसा खरवडून जाळावा. दांड्या सोडवून सांध्यांवर उकळते पाणी ओतावे. वाळल्यावर भेगा लिंपून मगच चुन्याची सफेदी द्यावी. उघड्या भेगांवरील सफेदी ही निव्वळ शोभा होय. राहिलेली अंडी पुढे फुटतातच, म्हणून पंधरवड्याने हेच काम पुन्हा करावे. पूर्वी या कामी डीडीटीची भुकटी वापरीत. शेतीकामात तिला १९८९ पासून बंदी आहे. औषध पशुवैद्यकास विचारूनच आणावे.

बाजारातून आणलेली कोंबडी प्रथम १० दिवस डालग्याखाली वेगळी ठेवावी, कारण गोचिडाची पिल्ले मात्र पंखांखाली कित्येक दिवस चिकटून राहतात. नंतर ते डालगेही उकळत्या पाण्यात बुडवून काढावे.