काडतुसाचे वंगण

सत्तावन्न सालचा विषय निघाला की चरबीची काडतुसे हे शब्द शाळेतल्या मुलाच्याही तोंडी येतात. पण काडतुसाला चरबी लावावी तरी का लागत होती, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर हाती आल्यावाचून, चरबीऐवजी दुसरे काही चालले असते की नाही हे ठरत नाही. आणि ते ठरल्यावाचून दोष नेमका कशाचा, हेही कळत नाही.

जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि शिशाची गोळी तीत सैल बसे. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड बंदूक निराळी होती. तिच्या नळीत तीन पेचदार खाचा होत्या. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचा ०.५६८ इंच आणि गोळीचे वजन सुमारे तीन तोळे. गोळीच्या तळाशी पोकळी असे. बार उडाला की तळ फुगून खाचांत घट्ट बसे आणि गोळी गरगरत दूरवर, नेमकी जाई. परंतु काळ्या दारूची काजळी फार चिवट. दहा-वीस बार झाले की ती नळीत कडक होऊन बसते, शिसेही खाचांना चिकटते, आणि पुढची गोळी गजाने ठासता ठासत नाही. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण हवे. ते काजळी मऊ ठेवते आणि गोळी सरकविते. ऐन लढाईत शिपायाचा जीव या वंगणावर अवलंबून असे.

आता वंगण कसे असावे? उन्हाने पाघळू नये, थंडीत तडकू नये, कागदात मुरून दारूपर्यंत जाऊ नये आणि शिशाला खाऊ नये. आपल्या कोकणातल्याच वस्तू घेऊन पाहा. खोबरेल २४-२५ अंशांवर वितळते; पौषातल्या पहाटे बाटलीत गोठते, दुपारी पुन्हा पातळ होते. पावसाळ्यात टाचांच्या भेगांना आपण लावतो ते कोकमाचे मुठेल ४० अंशांच्या आसपास टिकते. मधमाशांचे मेण मात्र ६२ ते ६४ अंशांपर्यंत घट्ट राहते, पण एकटे वापरले तर कडक पडते. तेव्हा मेणात थोडे तेल किंवा तूप मिसळले की काम भागते. गाईच्या किंवा डुकराच्या चरबीवाचून अडत होते असे नाही. उलट चरबी खवट झाली की तिच्यातील आम्ल शिशाला खाते, गोळीवर पांढरा थर चढतो आणि ती नळीत शिरेनाशी होते. पुढे खुद्द इंग्लंडात चरबी मागे पडून मेणच पुढे आले, ते शिपायांच्या धर्माखातर नव्हे, या कारणास्तव.

मग चरबी आली कशी? ती स्वस्त होती आणि विलायतेत रूढ होती. कलकत्त्याच्या कारखान्याने ठेकेदाराकडून ती घेतली, आणि ती कोणत्या जनावराची याची चौकशी कोणी केली नाही. बंगालच्या सैन्यातील कर्नल टकर यांनी १८५३ सालीच लेखी सावध केले होते; तो कागद दप्तरात राहिला.

जानेवारी १८५७ मध्ये डमडमला बोभाटा झाला. सरकारने त्याच महिन्यात शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण लावण्याची मोकळीक दिली. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न तिथेच सुटला होता! पण बराकपूरचे शिपाई आता कागदाकडे बोट दाखवू लागले. तो चकचकीत दिसतो, तेव्हा त्यातच चरबी असणार, असे त्यांचे म्हणणे. कागद तपासला, चरबी निघाली नाही, संशय मात्र राहिला. दातांऐवजी हाताने काडतूस फाडण्याची नवी कवाईत काढली, तीही उशिरा. एक मौज पाहा. दात लागत ते दारूच्या टोकाला, वंगण असे गोळीच्या टोकाला. परंतु बोटे तीच आणि काडतुसांचा गठ्ठाही एकच. त्यामुळे या युक्तिवादाने कोणाचे समाधान होणार?

२४ एप्रिलला मीरतच्या ८५ घोडेस्वारांनी जी काडतुसे नाकारली ती एनफील्डची नव्हतीच, नेहमीच्या वापरातली जुनी होती. १० मे रोजी तिथे उठाव झाला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वर्षी उत्तरेत निघाले होते. महूच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून काडतुसांची हकीकत ऐकल्याचे त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहिले आहे. आणि आपल्या पालीवरून जो रस्ता घाट चढून जातो, त्या कोल्हापुरात ३१ जुलैला मुंबई सैन्याची २७ वी पलटण उठली.

१८६६ नंतर मागून भरायच्या बंदुका आल्या. काडतूस फाडणेच उरले नाही. शिशाच्या गोळीला मेण मात्र पुढेही लागतच राहिले.