चेहरा आपलाच असू द्या

आखातात नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र जोडण्याची रीत अजून टिकून आहे. मस्कतच्या रुवी भागातील एका स्टुडिओतून आमच्यापैकी एका अभियंत्याने असेच एक छायाचित्र काढून आणले. कोटावरची सुरकुती गेली होती, चष्म्यावरची चकाकी गेली होती. त्यासोबत चेहऱ्याचा सावळा रंगही गेला होता. तसे त्याने सांगितले नव्हते. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘सगळ्यांचेच करतो.’

यामागे तांत्रिक कारणही आहे. पांढरी पार्श्वभूमी आणि पांढरा शर्ट असला की कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फसते. कॅमेरा एकूण उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा आहे त्याहून काळवंडतो. खरा उपाय म्हणजे चेहऱ्यावर पुरेसा, पसरलेला प्रकाश देणे आणि चेहरा पाहून एक्स्पोजर ठरवणे. ते कष्ट टाळून पुढे फोटोशॉपमध्ये त्वचा उजळली जाते. फिल्मच्या काळातही वेगळे नव्हते. रंग जुळवण्यासाठी कोडॅक प्रयोगशाळांना जी ‘शर्ली कार्डे’ देत असे, त्यांवर अनेक दशके गोरी स्त्रीच असे. मोजपट्टीच गोरी होती.

आपल्याकडे ही मोजपट्टी जातीशीही जोडली गेली. बाबासाहेबांच्या कृष्णधवल छायाचित्रांना रंग देताना कॅलेंडरवाल्यांनी कित्येकदा त्यांचाही चेहरा गुलाबी-गोरा केला, आणि आपण ती चित्रे भक्तिभावाने भिंतीवर लावली. सूट हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता; तो गोरेपणा मात्र त्यांचा नव्हता.

रीटचिंगला आमचा विरोध नाही. आठवड्याभरात जाणारी पुटकुळी, विस्कटलेला केस, कोटावरचा धागा जरूर काढावा. तीळ, जुना व्रण, वयाच्या रेषा आणि वर्ण या कायमच्या गोष्टींना हात लावू नये. स्टुडिओत बसण्यापूर्वीच हे स्पष्ट सांगावे आणि मूळ फाइलही मागून घ्यावी.

आपण ज्या देशात राहतो, तेथे झांजिबारशी असलेल्या जुन्या नात्यामुळे ओमानी समाजातच गव्हाळापासून गडद काळ्यापर्यंत सर्व वर्ण नांदतात. येथे सावळेपण लपवण्याचे कारणच काय?

आहे ते आहे तसे पाहणे, यथाभूत पाहणे, ही तथागतांची शिकवण. आमच्या मित्राने मूळ छायाचित्र परत मागितले, फक्त सुरकुती आणि चकाकी काढून घेतली आणि तेच अर्जाला जोडले. मुलाखतीच्या खोलीत जो माणूस शिरणार होता, तोच आता अर्जावरही होता.

जय भीम!